हिशेब जुळला, तारीख चुकली

१५ फेब्रुवारी १७९८ रोजी रोम शहरात एक अघटित घडले. जनरल बेर्तिएच्या फ्रेंच सैन्याच्या छत्राखाली तिथे प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि शतकानुशतके चालत आलेली पोपची राजसत्ता एका दिवसात पुसली गेली. पाचच दिवसांनी ऐंशी वर्षांच्या, आजारी पोप सहाव्या पायस यांना शहराबाहेर काढण्यात आले. या गावातून त्या गावात फिरवत त्यांना शेवटी फ्रान्समधल्या व्हालान्स येथे नेले, आणि २९ ऑगस्ट १७९९ रोजी कैदेतच त्यांचा अंत झाला. युरोपात अनेकांना वाटले, पोपशाही संपली.

त्याच १५ फेब्रुवारीला, अटलांटिक महासागराच्या पलीकडे, न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टन नावाच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या मुलाला सोळावे वर्ष पूर्ण होत होते. सोळा भावंडांतला हा थोरला. नाव विल्यम मिलर. रोममधल्या त्या घटनेशी या पोराचा काडीचाही संबंध नव्हता. पण वीस वर्षांनी तो ती तारीख हाती धरून असा काही हिशेब मांडणार होता, की अमेरिकेतले हजारो संसार एका रात्री आकाशाकडे डोळे लावून बसावेत.

मिलरचा जन्म १७८२ सालचा, मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डचा. तो चार वर्षांचा असताना कुटुंब लो हॅम्प्टनला आले. बाप अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला, आई बाप्टिस्ट धर्मोपदेशकाची मुलगी. जमीन नवी, कर्ज डोक्यावर, शाळा जेमतेम हिवाळ्यापुरती. पोराला मात्र वाचनाचे वेड. घर झोपले की तो चुलीत पाइनच्या लाकडाचे ढलपे पेटवायचा आणि त्या उजेडात पालथा पडून वाचायचा. एकदा बापाला वाटले घराला आग लागली. तो चाबूक घेऊन धावला आणि पोरगा पुस्तक टाकून अंथरुणात पळाला, अशी हकीकत त्याच्या चरित्रात येते.

१८०३ साली लूसी स्मिथशी त्याचे लग्न झाले आणि तो शेजारच्या व्हरमाँट राज्यातल्या पोल्टनीला राहायला गेला. तिथे सार्वजनिक ग्रंथालय होते आणि व्हॉल्तेर, ह्यूम, टॉमस पेन वाचणाऱ्या मंडळींचा अड्डा होता. मिलर त्यांच्यात रमला. देवाने सृष्टी निर्माण केली आणि मग तो बाजूला झाला, प्रार्थना ऐकायला तो काही बसलेला नाही, असे मानणारा तो पंथ. मिलर नुसता अश्रद्ध नव्हता, नकलाकारही होता. आपल्या उपदेशक आजोबांची आणि काकाची नक्कल करून तो मित्रांना पोट धरून हसवायचा. आईला ते कसे लागत असेल, हे सांगायला नकोच.

युद्धावरून परतलेला शेतकरी

१८१२ साली इंग्लंडशी पुन्हा युद्ध पेटले. मिलर कॅप्टन म्हणून सैन्यात होता. ११ सप्टेंबर १८१४ रोजी प्लॅट्सबर्गला लढाई झाली. समोर युरोपातल्या युद्धांत मुरलेले ब्रिटिश सैन्य, संख्येने कितीतरी मोठे. जिंकण्याची आशा मिलरला नव्हती. एक तोफगोळा त्याच्यापासून हातभर अंतरावर फुटला. आजूबाजूचे पडले, हा उभा. आणि संध्याकाळपर्यंत ब्रिटिशांनी माघार घेतली.

युद्ध संपवून तो लो हॅम्प्टनला परतला, शेत घेतले, घर बांधले. पण मनात प्रश्न घर करून बसला. सृष्टी जर फक्त यंत्र, तर त्या दिवशी आपण का वाचलो? वडील गेले होते, मित्र गेले होते, आणि मेल्यावर काहीच नाही हे उत्तर आता त्याला पुरेना. गावच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये उपदेशक नसला की तिथला सेवक छापील प्रवचन वाचून दाखवी. तो वाईट वाचतो म्हणून मिलर जाईना, तेव्हा मंडळींनी वाचनाचे काम त्यालाच दिले. १८१६ सालच्या सप्टेंबरमध्ये असेच एक प्रवचन वाचताना त्याला हुंदका आवरेना. तो खाली बसला, आणि त्यानंतर तो श्रद्धावान झाला.

जुने मित्र आता त्याचीच खिल्ली उडवू लागले. बायबलमधल्या विसंगतींचे काय, म्हणाले. एरवी कुणी वाद घातला असता. मिलर अभ्यासाला बसला. टेबलावर दोनच पुस्तके : बायबल आणि त्यातला प्रत्येक शब्द कुठे कुठे येतो ते दाखवणारी क्रूडनची शब्दसूची. पहिल्या पानापासून सुरुवात, आणि एका ओळीचा अर्थ लागल्याशिवाय पुढच्या ओळीला हात लावायचा नाही. हे दोन वर्षे चालले.

शिंग आणि श्वापद

जुन्या करारात दानीएलाचे पुस्तक आहे. त्यात दानीएलाला समुद्रातून वर येणारी चार श्वापदे दिसतात. चौथ्याला दहा शिंगे, आणि त्यांत एक लहान शिंग उगवते. ते तीन शिंगे उपटून टाकते, देवाविरुद्ध बोलते, भक्तांना छळते. हा छळ साडेतीन ‘काळ’ चालणार. नव्या कराराच्या अखेरच्या पुस्तकात, म्हणजे प्रकटीकरणात, हाच अवधी बेचाळीस महिने किंवा १२६० दिवस असा येतो. भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष, ही गुरुकिल्ली लावली की १२६० वर्षे होतात.

ही किल्ली मिलरची नव्हे. चौथे श्वापद म्हणजे रोम हे जुनेच मत. त्यावरचे लहान शिंग म्हणजे पोपशाही, असे प्रोटेस्टंट पंडित तीनशे वर्षे सांगत होते. मार्टिन ल्यूथरने पोपच्या गादीला ख्रिस्तविरोधी ठरवले होते. गुरुत्वाकर्षणाच्या न्यूटननेही दानीएलावर ग्रंथ लिहून ठेवला होता, तो त्याच्या मृत्यूनंतर १७३३ साली छापला गेला. त्यातही शिंगाचा अर्थ हाच.

मिलरपर्यंत हा वारसा आला तेव्हा त्यात १७९८ ची ताजी बातमी मिसळली होती. पोप कैद झाला, म्हणजे १२६० वर्षे भरली. मग १७९८ मधून १२६० वजा करा, ५३८ येतात. त्या साली काय झाले? बायझंटाइन सम्राट जस्टिनियनचा सेनापती बेलिसेरियस रोममध्ये होता आणि शहराला वेढा घालून बसलेले ऑस्ट्रोगॉथ मार्च महिन्यात वेढा उठवून निघून गेले. म्हणजे तिथून पोपशाहीला मोकळे रान मिळाले. दानीएलात आणखी दोन आकडे आहेत, १२९० आणि १३३५. मिलरने त्यांची सुरुवात ५०८ मध्ये धरली : ५०८ अधिक १२९० बरोबर १७९८, आणि ५०८ अधिक १३३५ बरोबर १८४३. तिसरा आकडा २३०० दिवसांचा, ज्यांच्या शेवटी पवित्रस्थान शुद्ध होणार. त्याची सुरुवात पर्शियन राजा अर्तहशश्त याच्या इ. स. पूर्व ४५७ मधल्या फर्मानापासून. २३०० वजा ४५७, पुन्हा १८४३!

आयुष्यातली पस्तीस वर्षे बँकेच्या खतावण्यांत घालवलेल्या माझ्यासारख्याला हे पाहून मिलरच्या अंगावर त्या क्षणी काय रोमांच उठले असतील याची कल्पना येते. दोन वेगळ्या टोकांनी मांडलेली बेरीज एकाच आकड्यावर येऊन थांबते, तेव्हा माणसाला वाटते की आता शंकेला जागाच नाही. पण कुठल्याही जुन्या हिशेबनिसाला ठाऊक असते की ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे नोंदी खऱ्या असे नव्हे. रक्कम चुकीच्या खात्यात टाकली तरी बेरीज बिनबोभाट जुळते. बेरीज फक्त बेरजेची ग्वाही देते.

इथे नोंदच तपासली तर काय दिसते? ५३८ साली रोमच्या गादीवर पोप व्हिजिलियस होते. आदल्याच वर्षी बेलिसेरियसने आधीचे पोप सिल्व्हेरियस यांना पदच्युत करून, सम्राज्ञी थिओडोराच्या मर्जीने त्यांना बसवले होते. पुढे याच व्हिजिलियसना सम्राटाने कॉन्स्टँटिनोपलला नेऊन वर्षानुवर्षे डांबल्यासारखे ठेवले. ५४६ मध्ये ऑस्ट्रोगॉथांनी रोम परत जिंकलेही. म्हणजे ज्या वर्षी पोपची निरंकुश सत्ता सुरू झाली असे म्हणायचे, त्या वर्षी पोप सम्राटाच्या मुठीत होता. अॅडव्हेंटिस्ट अभ्यासक यावर सांगतात की, जस्टिनियनने ५३३ मध्ये पोपचे श्रेष्ठत्व मान्य केले होते आणि वेढा उठल्यावर ते अमलात येऊ शकले. या युक्तिवादाला वजन नाही असे नाही. पण आधी शेवट ठरला आणि मग त्याला शोभणारी सुरुवात शोधली गेली, ही शंका काही त्याने फिटत नाही. आणि शेवट तरी कसला? मार्च १८०० मध्ये व्हेनिसला जमून कार्डिनलांनी पोप सातवे पायस यांना निवडले. पोपशाही पुन्हा उभी राहिली.

गप्प राहिलेली तेरा वर्षे

१८१८ साली मिलरचा निष्कर्ष तयार होता : सुमारे पंचवीस वर्षांत ख्रिस्त परत येणार आणि हे जग संपणार. एखादा भोंदू असता तर दुसऱ्या दिवशी चव्हाट्यावर उभा राहिला असता. मिलर तेरा वर्षे जवळजवळ गप्प राहिला. त्याने आपल्याच हिशेबावर हरकती काढल्या, त्यांची उत्तरे लिहिली, गावात न्यायदानाचे काम केले, शेत नांगरले, पोरेबाळे वाढवली. आतून मात्र एक टोचणी लागली होती. लोकांना सांगितले नाही तर त्यांचे पाप आपल्या माथी.

ऑगस्ट १८३१ मधल्या एका शनिवारी त्याने देवाशी सौदा केला. कुणी आपणहून बोलावणे धाडले तरच जाईन. त्याला वाटले, एका पन्नाशीच्या शेतकऱ्याला कोण बोलावतो! अर्ध्या तासात दारात भाचा उभा. सोळा मैलांवरच्या ड्रेस्डेनहून आला होता. उद्या आमच्याकडे उपदेशक नाही, मामा तुम्ही या, म्हणत होता. मिलर उत्तर न देता तडक घराबाहेर पडला आणि मेपलच्या झाडीत जाऊन स्वतःवर चरफडत बसला. परतला तो भाच्याबरोबर जायला तयार होऊनच.

त्यानंतर बोलावणी थांबली नाहीत. तो बहुतेक स्वखर्चाने हिंडला. लूसीने घर आणि शेत सांभाळले. तो ओरडून बोलत नसे. वकिलाने पुरावा मांडावा तसा आकडे मांडी. १८३९ मध्ये त्याला बोस्टनचा जोशुआ हाइम्स भेटला आणि सारेच बदलले. हाइम्स म्हणजे चळवळ्या माणूस, गुलामगिरीविरुद्ध लढणारा. त्याने १८४० मध्ये वृत्तपत्र काढले, हजारो माणसे मावतील असा तंबू शिवून घेतला, श्वापदांची चित्रे आणि सालांचे आकडे असलेले मोठाले तक्ते छापून घेतले. जिल्ह्याजिल्ह्यांत ओळखला जाणारा शेतकरी देशभर गाजला. त्याच्या अनुयायांची संख्या पन्नास हजार ते एक लाख असावी असा अंदाज केला जातो. १८४३ च्या मार्चमध्ये भर दिवसा दिसेल असा धूमकेतू उगवला, तेव्हा तर विचारायलाच नको.

इथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. हे सारे घडत होते तो काळ अमेरिकेत कॅथलिकद्वेषाचा होता. आयर्लंडहून गरीब कॅथलिक मजूर जहाजे भरभरून येत होते. ११ ऑगस्ट १८३४ च्या रात्री बोस्टनजवळच्या चार्ल्सटाउनमध्ये जमावाने उर्सुलाइन जोगिणींचा मठ जाळला. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली होऊन कॅथलिक चर्चे पेटवली गेली. यातले काही मिलरने घडवले नाही. त्याचा रोख संस्थेवर होता, शेजाऱ्यावर नव्हता. पण तक्त्यावरचे श्वापद पाहून घरी जाणाऱ्याला गल्लीत गळ्यात क्रूस घातलेला मजूर भेटला, तर तो संस्था आणि माणूस हा फरक किती करत असेल? वसईत किंवा गोव्यात कॅथलिक शेजारी असलेल्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. १८४३ मध्ये चार्ल्स फिच नावाच्या मिलरच्याच सहकाऱ्याने एक पाऊल पुढे टाकले : प्रकटीकरणातली पापनगरी बाबेल म्हणजे फक्त रोम नव्हे, आम्हाला नाकारणारी प्रोटेस्टंट चर्चेही त्यातच, बाहेर पडा! मिलरला हे पटले नाही. त्याला चर्चे जागवायची होती, फोडायची नव्हती. पण एकदा बाबेलची हद्द आखायला घेतली की ती कुठे थांबेल हे आखणाऱ्याच्या हाती राहत नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

मिलरने कधी दिवस सांगितला नव्हता. लोकांनी फारच भरीला पाडल्यावर त्याने मुदत दिली : २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४. मुदत सरली, काही झाले नाही. त्याने चूक छापून कबूल केली, पण आशा सोडली नाही.

तेवढ्यात हिशेबातली एक फट उघडी झाली. आपल्या कालगणनेत शून्य साल नाही. इ. स. पूर्व १ नंतर एकदम इ. स. १ येते. म्हणजे इ. स. पूर्व ४५७ पासून पूर्ण २३०० वर्षे मोजली तर शेवट १८४३ मध्ये होत नाही, १८४४ मध्ये होतो. ऑगस्टमध्ये सॅम्युएल स्नो नावाच्या तरुण उपदेशकाने यहुदी पंचांगातल्या सातव्या महिन्याची दशमी, प्रायश्चित्ताचा दिवस, त्याला जोडली. तारीख निघाली २२ ऑक्टोबर १८४४. वणवा पसरावा तशी ती पसरली. ज्याच्या नावाने चळवळ चालत होती तो मिलर मात्र ही तारीख मान्य करणाऱ्यांत जवळजवळ शेवटचा. ऑक्टोबर उजाडल्यावर, जेमतेम दोन आठवडे आधी, तो तयार झाला.

दुकाने बंद झाली. कुणी देणी फेडली, कुणी शत्रूंची क्षमा मागितली. शेतातली बटाट्याची पिके कुणी काढलीच नाहीत; परत येणारा परमेश्वर आणि बटाटे काढणारे आपण, हे शोभेल का? पांढरे झगे घालून माणसे छपरांवर चढली, ही त्या वेळच्या टवाळखोर वर्तमानपत्रांची गोष्ट. पुढे शोध घेणाऱ्यांना तिला भक्कम पुरावा मिळाला नाही. बहुतेक जण घरी किंवा सभागृहात शांतपणे बसून होते. मध्यरात्र झाली. पहाट झाली. न्यूयॉर्क राज्यातला हायरम एडसन नावाचा शेतकरी आणि त्याची मित्रमंडळी उजाडेपर्यंत रडत राहिली. सकाळी रस्त्यावर पोरे विचारत होती, अजून गेला नाहीत वर? ज्यांनी बटाटे काढले नव्हते त्यांच्यापैकी एकाची गंमत अॅडव्हेंटिस्ट मंडळी अजून सांगतात : त्या वर्षी लवकर काढलेले बटाटे रोगाने सडले, आणि याचे जमिनीतले शाबूत राहिले. पण सगळ्यांचे नुकसान असे भरून निघाले नाही.

मिलर ६२ वर्षांचा होता. जानेवारी १८४५ मध्ये ज्या चर्चमध्ये त्याला हुंदका फुटला होता, त्याच लो हॅम्प्टनच्या बाप्टिस्ट चर्चने त्याला काढून टाकले. त्याने त्याच वर्षी एक लांब निवेदन लिहिले. त्यात कुणावर ढकलले नाही, नवे साल दिले नाही. तारखेत आपण चुकलो, ख्रिस्त येणार ही श्रद्धा मात्र खरी, एवढेच सांगितले. अनुयायांतले काही नव्या तारखा काढत राहिले, त्या वाटेला तो फिरकला नाही.

उरलेला हिशेब

वाटा तिथून फुटल्या. एडसनला दुसऱ्या दिवशी सकाळी मक्याच्या शेतातून जाताना सुचले की दिवस बरोबर होता, घटना वेगळी होती. शुद्ध व्हायचे पवित्रस्थान पृथ्वीवरचे नव्हे, स्वर्गातले. हा धागा पकडून आणि शनिवारचा शब्बाथ स्वीकारून एक छोटा गट उभा राहिला. त्यात एलेन हार्मन ही तरुणी होती. २२ ऑक्टोबरला तिला सतरावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर अवकाश होता. लग्नानंतरची ही एलेन व्हाइट. १८६३ मध्ये या गटाचे ‘सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट’ चर्च रीतसर स्थापन झाले तेव्हा सभासद साडेतीन हजार होते. आज जगभरात ते दोन कोटींच्या वर आहेत. पुण्यातल्या वाचकांना स्पायसर कॉलेज आणि सॅलिसबरी पार्कातला ओरिएंटल वॉचमनचा छापखाना ठाऊक असतो. ती यांचीच.

पोपशाहीविषयीचे मिलरचे गणित या चर्चने टाकले नाही, उलट वाढवले. ५३८ आणि १७९८ राहिले. शब्बाथ शनिवारवरून रविवारवर नेणारी सत्ता ती हीच, असा नवा आरोप त्यात आला. एलेन व्हाइटने ‘द ग्रेट कॉन्ट्रोव्हर्सी’ या ग्रंथात वॉल्डेन्सी, यान हुस, ल्यूथर यांच्या छळाचा इतिहास या चौकटीत बसवला; १९११ च्या आवृत्तीत इतिहासकारांचे उतारे पुन्हा तपासून त्यांचे निर्देश दिले. ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन करारानुसार पोपना व्हॅटिकन नगरीचे राज्य मिळाले, तेव्हा प्रकटीकरणातल्या श्वापदाची प्राणघातक जखम बरी होत असल्याचे अनेक अॅडव्हेंटिस्ट लेखकांनी लिहिले. कॅथलिक विद्वानांना हे सारे अर्थातच अमान्य, आणि अनेक प्रोटेस्टंट अभ्यासकही आता दानीएलाचे ते लहान शिंग इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात यहुद्यांना छळणाऱ्या अँटिओकस राजाशी जोडतात.

मिलर यातले काही पाहायला राहिला नाही. शनिवारचा शब्बाथ त्याने स्वीकारला नाही, स्वर्गातल्या पवित्रस्थानाचा उलगडाही नाही. १८४८ मध्ये त्याने आपल्या शेताजवळ एक लहानसे प्रार्थनामंदिर बांधले, कारण त्याच्यासारख्यांना बसायला दुसरी जागा उरली नव्हती. त्याच सुमाराला त्याची दृष्टी गेली. चुलीच्या उजेडात वाचणाऱ्या त्या पोराला आता दुसऱ्यांनी वाचून दाखवावे लागे. २० डिसेंबर १८४९ रोजी तो गेला. हाइम्स उशाशी होता.

हिशेब चुकणारी माणसे पुष्कळ असतात. चुकलेल्या हिशेबावर सगळ्यांदेखत स्वतःची सही करणारी थोडी. पण तेवढ्याने ज्यांनी दुकाने मोडली, पिके सोडली, त्यांचे देणे फिटत नाही, हेही मिलरला ठाऊक असावे. म्हणून तर त्याने दुसरी तारीख दिली नाही. लो हॅम्प्टनला त्याचे घर आणि ते प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. २२ ऑक्टोबरनंतरही तो ज्या आशेने रोज सकाळी उठत असे, तिला त्याने पुन्हा साल आणि महिना लावला नाही.